नवरदेवाच्या डब्याचं पाणी

डबा यायचा त्या दिवशी शंकरराव हिवराळे पहाटे तीनला उठायचा. गजर नाही. नांदुऱ्याच्या मालधक्क्यावर उभी हयात पोती वाहिलेल्या माणसाला गजर लागत नाही, त्याची पाठच त्याला उठवते. चांगुणानं रात्रीच बांधून ठेवलेली भाकर तो सायकलच्या हँडलला अडकवायचा आणि पूर्णेकाठच्या गावातून अंधारातच निघायचा. रस्ता काळ्या मातीचा. कोरडा असला तर सायकल माणसाला नेते, ओला असला तर माणूस सायकलला नेतो.

मुंबईहून रात्री सुटलेली मेल उजाडायच्या आत नांदुऱ्याला यायची. तिच्या शेपटाला तो डबा जोडलेला असायचा. बाकी गाडी सगळ्यांची, वेळापत्रकातली, हा एक डबा मात्र मुंबईच्या एका कंपनीचा. कंपनीनं रेल्वेकडून जुना सलून, म्हणजे साहेबलोकांच्या प्रवासाचा डबा, भाड्यानं घेऊन नवा केला होता. आत निजायच्या खोल्या, बसायची खोली, स्वैपाकघर, आणि मागच्या टोकाला भिंतीच्या जागी अख्खी काच. इंजिन येऊन डबा सोडवायचं आणि मालधक्क्याच्या लाइनीवर आणून उभा करायचं. पाहुणे मोटारींनी लोणारचं सरोवर पाहायला जायचे, संध्याकाळी परत येऊन डब्यातच निजायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला डबा पुन्हा लागायचा. स्टेशनवरचे हमाल त्याला नवरदेव म्हणायचे. सगळ्यांत मागून येतो, नटून येतो आणि काम काही करत नाही, म्हणून.

"काय शंकरराव, नवरदेवाले आंघोय घातली का?" असं कोणी विचारलं की शंकरराव म्हणायचा, "घातली. आता तुह्या तोंडाचं पाह्य."

मालधक्क्यावरची हमाली संपली होती. सरकी, कापसाच्या गाठी, ज्वारी, सगळं ट्रकवर गेलं. धक्का ओस पडला. तिथं बाभळी उगवल्या आणि शेळ्या बसू लागल्या. हा डबा आला तेव्हा कंपनीनं धक्का झाडायला आणि पाणी भरायला माणूस शोधला. डब्याचा मॅनेजर शेखर, चिखलीकडच्या अमडापूरचा. पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, पण बोलायला आपला. त्यानं म्हाताऱ्याचे हात बघितले आणि दुसरं काही विचारलं नाही.

पाणी भरणं दिसतं तेवढं सोपं नाही. नळापासून डब्यापर्यंत जाड पाइप ओढायचा. रिकामा पाइप वजनाचा नसतो, भरला की तो अजगरासारखा होतो. तोंड नीट बसवलं नाही तर सुटतं आणि माणसाला तोंडावर पाडतं. वाकून धरला की कंबर जाते, म्हणून एक गुडघा टेकून धरायचा. टाकी भरली की पाइपाचा आवाज बदलतो. त्यानंतर बाहेरून डबा धुवायचा. काच शेवटी, सुती कपड्यानं, वरून खाली. आडवा हात मारला की पट्टे उमटतात. काच पुसताना आतली गादी, दिवा, फुलं दिसायची. शंकरराव पुसायचं तेवढं पुसायचा. आत डोकावत उभं राहणं त्याला पसंत नव्हतं.

दिवाळी ते होळी, एवढाच डब्याचा हंगाम. पहिला हंगाम चांगला गेला. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला चांगुणाचे पाय सुजले.

आधी तिनं कोणाला सांगितलं नाही. मग चपला घालता येईनात तेव्हा सांगावं लागलं. मुलगी समता अकोल्याला दिलेली होती. ती येऊन आईला खामगावला घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला आणि गावाचं नाव विचारलं. नाव ऐकून त्यांनी मान हलवली. त्या पट्ट्यातली माणसं त्यांना नवी नव्हती. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखाली खारं पाणी आहे. बोअर मारा, विहीर खणा, खारंच लागतं. पिढ्यान् पिढ्या लोक तेच पितात.

"किडन्या अजून काम करतायत, थोड्या," डॉक्टर म्हणाले. "औषध देतो. पण बोअरचं पाणी बंद. गोडं पाणी प्यायचं. ते नाही जमलं तर पुढं मशीनवर जावं लागेल."

त्या दिवसापासून शंकररावाच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. चांगुणाचं पोट खाऱ्या पाण्यापासून वाचवायचं. नांदुऱ्यात धरणाच्या पाण्याचा नळ असलेली खोली बघायची, डब्याच्या मजुरीतून तिचं डिपॉझिट भरायचं आणि होळीनंतर गाव सोडायचं. चांगुणाच्या दुखण्याचं त्यानं शेखरच्याही कानावर घातलं होतं. तोपर्यंत गोडी विहीर.

गोडी विहीर तुळशीराम पाटलाच्या मळ्यात होती. अख्ख्या गावात पिण्याजोगं पाणी त्या एका विहिरीचं. पाहुणा आला की त्याला सांगत, हे गोड्या विहिरीचं आहे, प्या. बाळंतिणीला तेच, आजाऱ्याला तेच. शंकररावाच्या बापाला त्या विहिरीच्या काठावर पाय ठेवता येत नव्हता. तो लांब उभा राहायचा आणि कोणी ओतलं तर न्यायचा. पुढं ते दिवस गेले आणि हिवराळ्यांच्या घरालाही इतरांसारखी पाळी मिळाली. पाळी ठरलेली. ज्याची पाळी त्यानं पहाटे दोरानं पाणी शेंदायचं, आपल्या घागरी भरायच्या आणि निघायचं. मोटर लावायची नाही. मोटर लावली की खालचं खारं वर येतं, असं जुनी माणसं सांगत आली. तो नेम कोणी मोडला नाही.

डॉक्टरांचं ऐकून आल्यावर शंकररावानं शेजारच्या तानाबाईची अर्धी पाळी मागून घेतली. बदल्यात तिच्या दोन्ही बकऱ्यांचा पाला तो आणायचा. गोड्या विहिरीचं पाणी आता घरात फक्त चांगुणासाठी. स्वतः तो बोअरचं प्यायचा.

"तुमी बी घ्या ना घोटभर," चांगुणा म्हणायची.

"मले काय झालं? मी खाऱ्यातच मुरलो. लोणचं हाय माह्यं."

"लोणचं बी नासते."

"नासलं की फेकजो."

ती दिवसाकाठी तांब्या तांब्या ते पाणी प्यायची. औषधासारखं. सूज मात्र हटत नव्हती. शंकरराव म्हणायचा, एवढ्या वर्षांचं खारं एवढ्यात कसं निघेल?

माघ संपत आला होता. त्या दिवशी डब्यातून आलेले पाहुणे सकाळीच लोणारला गेले. शंकररावानं डब्याच्या टाकीत उरलेलं पाणी सोडून दिलं. भरण्याआधी टाकी धुवायची, हा त्याचा शिरस्ता. तेवढ्यात कंपनीचाच टेम्पो आला, भाजी, बर्फ आणि जनरेटरचं डिझेल घेऊन. ड्रायव्हरनं कानाला मोबाइल लावून टेम्पो मागं घेतला आणि पाण्याच्या उभ्या नळावर चढवला. नळ मुळापासून मोडला. थोडा वेळ कारंजं उडालं. मग कोणीतरी पलीकडून कॉक बंद केला आणि धक्क्यावर चिखल तेवढा उरला.

शेखरनं फोनावर फोन लावले. नळ दुरुस्त व्हायला उद्या उजाडणार होतं. पाण्याचे टँकर सगळे कुठल्याशा लग्नाला गेलेले. सुलतानपूरहून मोटारवाल्याचा फोन आला, पाहुणे लोणारजवळ पोचलेत, संध्याकाळी परत येतील.

"काका, टाकी रिकामी काऊन केली?" शेखर म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण कपाळावर घाम होता. "पिण्याच्या बाटल्या हायेत. पण अंघोळ, संडास, स्वैपाक, चहा... कंपनीचे मालक स्वतः आहेत या खेपेला. त्यांच्याबरोबर डब्यात पैसे घालणारे लोक आहेत. आज काही झालं तर कंपनी इथला मुक्कामच उठवीन."

मुक्काम उठला तर मजुरी उठली. मजुरी उठली तर नळाची खोली गेली. शंकररावाला हा हिशेब मांडावा लागला नाही.

"पानी मी आनतो," तो म्हणाला. "गोडं पानी. आमच्या गावचं."

"तुमच्या पट्ट्यात गोडं?"

"एक विहीर हाय. आजारी मानसाले तेच पाजतो आमी."

शेखरला विचार करायला फुरसत नव्हती. त्यानं मान हलवली.

गावातल्या गोपालकडे ट्रॅक्टर होता आणि फवारणीसाठी पाणी न्यायची नवी टाकी होती, अजून औषध न लागलेली. शंकररावानं त्याला शेतातून उठवून आणलं. मग तो पाटलाकडे गेला. तुळशीरामनं ऐकून घेतलं.

"पाळी कोनाची धरू?"

"माही. होळीपर्यंतची माही पाळी आज एकदम द्या. पुढं नाई मागत."

"आन् चांगुणाबाई काय पिईन?"

"होळी झाली की आमी नांदुऱ्याले जातो. तवर तानाबाईची अर्धी हाय."

तुळशीरामनं खुंटीवरचा दोर काढून पुढं केला. मग म्हणाला, "मोटर नको लावू मातर."

मोटर लावली नाही. शंकरराव काठावर पाय रोवून उभा राहिला आणि दोर ओढू लागला. गोपाल बादल्या टाकीत ओतत होता. पाणी खोल गेलेलं. भरलेली बादली दगडाला न आदळता वर आणायची तर दोर एका लयीत ओढावा लागतो, हिसका दिला की निम्मं सांडतं. आधी खांदे भरून आले. मग बोटं वळेनात. मग दोर तळव्यात ओला लागू लागला आणि तो पाण्यानं ओला नाही हे त्याला कळलं. त्यानं डोक्याचं फडकं सोडून दोन तुकडे केले, हातांना गुंडाळले आणि पुन्हा धरला. गोपाल म्हणाला, "बस करा ना बुवा, अर्ध्या टाकीवर भागवा म्हना त्याईले." शंकररावानं बादली पुन्हा खाली सोडली. अर्धं काम त्यानं कधी कोणाला दिलं नव्हतं.

ऊन कलताना ट्रॅक्टर धक्क्यावर आला. छोट्या पंपानं पाणी डब्यात चढवलं. पाइपाचा आवाज बदलला तेव्हा शंकरराव बसला, बसल्या जागीच. पाहुण्यांच्या मोटारी त्यानंतर लगेच आल्या. दमलेले, धुळीनं भरलेले लोक हसत-बोलत डब्यात चढले. शेखरनं जाता जाता शंकररावाच्या खांद्यावर हात ठेवला.

डब्याचा स्वैपाकी हरिओम, इटारसीकडचा. त्यानं चहा टाकला. दूध फाटलं. त्यानं दुधाला शिव्या दिल्या, भांडं ओतून दिलं, दुसरी पिशवी फोडली. तीही फाटली. तिकडे न्हाणीघरातून कोणीतरी हाक मारून सांगितलं की साबणाला फेस येत नाही, अंग चिकट लागतंय. हरिओमनं नळाखाली ओंजळ धरली, तोंडात घेतलं आणि थुंकलं.

तो पायऱ्यांवर आला. "काका, समुंदर उचलून आणला काय?"

"गोड्या विहिरीचं हाय," शंकरराव म्हणाला.

हरिओमला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. तो आत गेला आणि दोन पेले घेऊन आला. एकात बाटलीतलं, एकात टाकीतलं. "हे पियो. मग हे पियो. सांग मला."

शंकररावानं हातांची फडकी सोडली नाहीत. दोन्ही तळव्यांत पेला धरून बाटलीतलं प्यायला. "याले चवच नाई," तो म्हणाला. "फिक्कं हाय. पान्यासारखं नाईच लागत." मग टाकीतलं प्यायला. "हे गोडं."

हरिओम खदखदून हसला. पायरीवर उभा असलेला शेखर हसला नाही. त्यानं शंकररावाच्या हातातला पेला घेतला, उरलेला घोट प्याला आणि तोंड वाकडं न करता गिळला. "काका," तो म्हणाला, "घरी काकूंना हेच देता?"

शंकररावानं हाताचं फडकं घट्ट केलं.

"दिवाळीपासून?"

आतून मालकाची हाक आली. शेखर गेला. रात्रीचं जेवण डब्यात झालं नाही. पाहुणे मोटारीत बसून गावातल्या हॉटेलात गेले. कोणी आरडाओरडा केला नाही. एका बाईनं तर उतरताना शंकररावाला नमस्कार केला. जाताना शेखरनं बाटलीबंद पाण्याची एक बाटली शंकररावाच्या पिशवीत टाकली.

परत जाताना ट्रॅक्टरवर गोपाल म्हणाला, "एकदम एवढं उपसलं ना, म्हनून खालचं खारं वर आलं असन. रोजचं तसं नाई."

शंकररावानं ते धरून ठेवलं. होय, तसंच असणार. रोजचं तसं नाही.

घरी चांगुणा चुलीपुढं बसली होती. त्याचे हात बघून तिनं हळद आणली. त्यानं आधी बाटली पुढं केली.

"काय हाय हे?"

"पे. डब्यातल्या लोकाईचं पानी."

ती प्याली. तोंडात घोळवलं. "यात काईच नाई," ती म्हणाली. "चिमूटभर मीठ टाकू का?"

तिनं सहज विचारलं होतं. तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. ती हळद घेऊन मागं आली, त्याचे तळवे लिंपले, फुंकर घातली. "डबा नाराज झाला का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "झाला असन."

घरात कोपऱ्यात एक घागर होती, कालची, दोर ओढायच्या आधीची. तिच्यात थोडं पाणी अजून शिल्लक होतं. पहाटे त्यानं ते दुसऱ्या रिकाम्या बाटलीत भरलं. डबा जोडायचं इंजिन यायच्या आत तो धक्क्यावर पोचला. शेखर टाय बांधत होता.

"हे परवाचं," शंकरराव म्हणाला. "उपसायच्या आधीचं. पेऊन सांगा."

शेखरला कळलं तो काय विचारतोय. त्यानं एक घोट घेतला. मग दुसरा घेतला, कमी-जास्त ठरवायला. हरिओम दारात उभा होता, आज तोही हसत नव्हता.

"काका, तसंच आहे. थोडं कमी असन. पण खारंच." आणि लगेच म्हणाला, "तुमाले कसं कळणार? जलमापासून हेच."

"डॉक्टर गोडं म्हनला," शंकरराव म्हणाला. "मी गोडंच देल्लं."

"हो ना."

"तानाबाईची बी पाळी घेतली."

शेखरनं बाटली त्याच्या हातात परत दिली नाही. खाली ठेवली. इंजिन आलं, धक्का बसला, डबा हलला. शंकररावाचं सवयीनं काचेकडे लक्ष गेलं. रात्री कोणीतरी त्या पाण्यानं काच पुसली होती. वाळल्यावर तिच्यावर पांढरे चट्टे उमटले होते, वरपासून खालपर्यंत. पुसायला वेळ नव्हता.

कंपनीनं नांदुऱ्याचा मुक्काम उठवला. शेखरचा फोन आला, दुसरंही कारण होतं, लोणार तिथून लांब पडतं, लोक दमतात. खरं असेल. राहिलेली मजुरी त्यानं पूर्ण पाठवली, एक दिवसही कापला नाही, उलट त्या टाकीचे म्हणून वर काही घातले. शंकररावानं वरचे गोपालच्या डिझेलला दिले.

नळाची खोली दोघांनी होळीनंतर बघितली. मागच्या गल्लीत, चांगली होती. पण त्याच आठवड्यात चांगुणाला धाप लागली. समता धावत आली. खामगावचे डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, पाणी कोणतं देत होता? शंकररावानं सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा तशीच मान हलवली आणि मशीनचं सांगितलं. आठवड्यातून दोनदा, कायम.

खामगावच्या सरकारी दवाखान्यातलं मशीन फुकट होतं. पण तिथं पोचायचं होतं. गावातून काळीपिवळी जीप सुटायची. तिचा ड्रायव्हर रामराव पुढच्या सीटवर आपल्या शेजारी तिघं कोंबायचा, मागं तर गिनतीच नाही. मशीनसाठी डॉक्टरांनी चांगुणाच्या डाव्या हाताची नस जोडून घेतली होती. त्या हातावर हात ठेवला तर आत पाणी वाहिल्यासारखं थरथरतं. त्याला धक्का लागायचा नाही, त्याच्यावर कोणी टेकायचं नाही, घट्ट बांगडीसुद्धा चालत नाही. पहिल्याच खेपेला कोणाचं तरी गाठोडं त्या हातावर आलं आणि चांगुणा वाटभर दात दाबून बसली. घरी आल्यावर तिनं हात दाखवला.

दुसऱ्या खेपेला शंकरराव जीप सुटायच्या आधी रामरावकडे गेला.

"पुढची सीट पुरी पायजे. जायाले आन् याले."

"पुरी म्हंजे?" रामराव म्हणाला. "तिघाईची हाय ते."

"तिघाईचे घे."

"एकट्या बाईसाठी?" रामराव हसला. "महाराणी हाय का बे?"

"हाव," शंकरराव म्हणाला.

रामरावनं सीटवरची धूळ झटकली. चांगुणा रामरावच्या बाजूला बसली. डावा हात मांडीवर मोकळा ठेवला, दुसऱ्या बाजूला दोन माणसांची जागा रिकामी. एक-दोघांनी चढायचा प्रयत्न केला, रामराव म्हणाला, भरली हाय. शंकरराव मागच्या पायरीवर उभा राहिला, वरची दांडी धरून. तळव्यांची कातडी नवी होती, दांडी तापली की झोंबायची.

नळाच्या खोलीसाठी ठेवलेली दोन हंगामांची मजुरी त्या सीटला लागली. पैसे पावसाळाभर पुरले.